पाणी कुठलं घालतेस?

१२ फेब्रुवारी, बुधवार

काल दोघं गेली, चिरंजीव आणि सूनबाई. परदेशात दोन वर्षांची नोकरी आहे, जमलं तर पुढेही. विमानतळावर मी रडले नाही, त्याचं सूनबाईला नवल वाटलेलं दिसलं. आईचे डोळे भरले की मुलाचा पाय निघत नाही, म्हणून मी धीर धरला आणि घरी येताना लिफ्टमध्ये रडले. लिफ्टमध्ये नेमकी समोरच्या दारची होती. एव्हाना अख्ख्या मजल्याला कळलं असेल.

आता घरात मी आणि टाकी. हॉलच्या लांब भिंतीला लागून त्यांची ती समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी आहे. आत दोन नारिंगी मासे, एक कोळंबी, थोड्या गोगलगायी आणि दगडांवर बसवलेली प्रवाळं. मला पोवळं म्हणजे दागिन्यातलं, एवढंच ठाऊक होतं. ही जिवंत असतात. दिवसा फुलतात, दिवा गेला की मिटतात, आणि रुसतातसुद्धा. सगळ्यांत लाडकं ते मधलं, लांब बोटांचं, बोटांची टोकं हिरवी. त्याला ही दोघं ‘झुपका’ म्हणतात. लग्न झालं त्याच आठवड्यात दोघांनी जाऊन आणला. इतर लोक फ्रीज घेतात.

टाकीतलं पाणी दिवसभर उडत राहतं, मीठ मागे राहतं. म्हणून उडालं तेवढं गोडं पाणी रोज वरून घालायचं. सिंकखाली त्यासाठी एक मशीन बसवलंय, पाण्यातलं सगळं काही काढून टाकणारं. निघताना चिरंजीव दारात पुन्हा म्हणाले, “आई, एक वेळ खायला घालायचं विसरलीस तरी चालेल. पाणी मात्र मशीनचंच. नळाचं अजिबात नको.”

मी हो म्हटलं. पण मनात म्हटलं, नळाचं नको? अरे, जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत बसून या शहराचं पाणी मी तपासलं निवृत्त होईपर्यंत. तू त्याच पाण्यावर वाढलास. आणि माशाला ते चालत नाही?

१६ फेब्रुवारी, रविवार

मशीनचा प्रकार आज नीट बघितला. एका नळीतून शुद्ध पाण्याची बारीक धार, दुसऱ्या नळीतून उरलेलं पाणी थेट मोरीत. मी त्या दुसऱ्या नळीखाली बादली लावून बघितली. एक बादली शुद्ध पाण्यामागे तीन बादल्या फुकट! माझा जीव वरखाली झाला. ज्या पाण्यासाठी उन्हाळ्यात आम्ही जलाशयाची पातळी बघत नखं खायचो, ते दोन माशांच्या चैनीपायी असं ओतायचं? एक दिवस त्या बादल्यांनी फरशा पुसल्या, गॅलरी धुतली, समोरचीची गॅलरीसुद्धा धुऊन दिली. पण रोज रोज काय धुणार.

मशीन बंद केलं. नळाचं पाणी बादलीत काढून दिवसभर उघडं ठेवते. क्लोरीन उडून जातं. बाकी त्या पाण्यात खोट काढून दाखवावी कुणी.

२३ फेब्रुवारी, रविवार

चिरंजीवांचा फोन. घर लागलं, बरं आहे, थंडी आहे.

“सूनबाई कुठेय?”

“आंघोळीला गेलीय.”

“दुपारी?”

“आई, इथे सकाळ आहे. टाकी बरी ना? चल, ठेवतो मग.”

झालं. आठवडाभर साठवलेलं सगळं बोलायचं माझ्या तोंडातच राहिलं. डॉक्टरकडे जाऊन आल्याचं सांगायचं होतं, समोरचीच्या नातवाने लिफ्टमध्ये काय दिवे लावले ते सांगायचं होतं. मग माशांना सांगितलं. त्यातली मोठी ती मादी. घरात तिचंच चालतं. नर तिच्या मागेमागे. ऐकून घेतात दोघं, पण मध्ये मध्ये तोंड फिरवून जातात.

३ मार्च, सोमवार

स्वयंपाकाचा अंदाज अजून येत नाही. हात तिघांचंच करतो. मग मी दोन दिवस तेच खाते, तिसऱ्या दिवशी टाकून देते आणि स्वतःवर चिडते. टीव्ही लावून ठेवते, बघत नाही. कुणीतरी बोलतंय एवढंच पाहिजे असतं. हे गेले तेव्हाही घर असंच झालं होतं, पण तेव्हा नोकरी होती. सकाळी नमुन्यांच्या बाटल्या यायच्या आणि आपण असल्याची गरज असायची.

११ मार्च, मंगळवार

टाकीतल्या वाळूवर आणि काचेवर तपकिरी साय आली आहे. पुसली, संध्याकाळपर्यंत पुन्हा आली. फोटो काढून चिरंजीवांना पाठवला. पाठवून पाणी प्यायला उठते तोवर फोन वाजला! तोंड दाखवणारा फोन. केस वाढलेत, दाढी वाढलीय.

“आई, कॅमेरा खाली ने. आणखी. झुपका दाखव. फुललाय ना? हां. दिवा किती वेळ चालू असतो? खायला किती घालतेस?”

मी सगळं सांगितलं. मग म्हणाला, “पाणी कुठलं घालतेस?”

“चांगलंच घालते,” मी म्हटलं. खोटं काय आहे त्यात. चांगलंच आहे ते.

भरपूर वेळ बोलला. दिव्याचा वेळ कमी कर, खाणं कमी कर, उद्या पुन्हा बघू म्हणाला. उद्या पुन्हा!

१५ मार्च, शनिवार

रोज फोन येतोय. साधारण दुपारी माझं जेवण आटोपलं की. मी फोनच्या आधी वेणी घालते आणि टाकीपुढे खुर्ची ओढून बसते. आज काच घासत होते, तो तिथून सांगत होता, “डावीकडे, आई. अगं तुझ्या डावीकडे नाही, माझ्या.” दोघं हसलो. किती दिवसांनी हसला माझ्याशी. लग्नानंतर त्याचं सगळं हसू बेडरूमच्या दाराआडच ऐकू यायचं.

त्याचं घर मात्र मला पसंत पडलं नाही. मागची भिंत उघडी बोडकी. सूनबाईला केवढी हौस, इथे महिन्याला पडदे बदलायची, तिथे एक चित्रसुद्धा लावलं नाही. हा उभ्याउभ्या पाकिटातून काहीतरी खात होता. आयती पाकिटं नवऱ्याच्या हातात द्यायची, हे काय? पण मी बोलले नाही. सासू म्हणून बोललं की विषय भलतीकडे जातो, आणि फोन टाकीसाठी आलेला असतो.

२० मार्च, गुरुवार

आज गंमत झाली. बोलून झाल्यावर म्हणाला, “आई, फोन तसाच टाकीसमोर ठेवशील? मी काम करतो. नुसतं चालू असू दे.”

मी डब्याला टेकवून फोन उभा केला. त्याला माशांचं असं वेड पहिल्यापासूनच. मी स्वयंपाकघरात भांडी आवरली, कपड्यांच्या घड्या घातल्या, येता जाता बघत होते. मध्ये एकदा तो म्हणाला, “आई, आहेस ना?” मी म्हटलं, “आहे की. जाणार कुठे?” तर म्हणाला, “काही नाही, भांड्यांचा आवाज थांबला म्हणून विचारलं.”

बॅटरी संपली तेव्हा फोन बंद पडला. मी लगेच चार्जर लावला, पण पुन्हा काही आला नाही.

२९ मार्च, शनिवार

तपकिरी साय गेली आणि हिरवे धागे आले. दगडांवर केसांसारखं शेवाळ. दोन गोगलगायी उलट्या पडल्या होत्या, सरळ केल्या तर पुन्हा उलट्या. मग मात्र बरं वाटेना. टाकीतलं पाणी एका बाटलीत घेतलं, नळाचं दुसऱ्या बाटलीत, आणि चिरंजीवांच्या दुकानदाराकडे गेले. त्याला मासेवाला म्हटलेलं आवडत नाही. त्याचे मासे खायचे नसतात.

“या काकू,” म्हणाला. मी याची काकू कधी झाले कुणास ठाऊक. सर्दीने नाक चोंदलेलं, खांद्यावर टॉवेल, हात कोपरापर्यंत ओले. त्याने टाकीच्या पाण्यात थेंब टाकले, पूड टाकली, बाटली हलवून ठेवली. पाणी निळं व्हायला लागलं. मला हसूच आलं. फॉस्फेटची तपासणी! ही मी किती वेळा केली असेल त्याला गणती नाही. आमच्या शहरातले जुने नळ आतून गंजू नयेत म्हणून पाण्यात जरासं फॉस्फेट आम्हीच घालतो. निळा रंग आला की आम्ही खूश. मात्रा बरोबर आहे, सही ठोका.

“छान निळं आहे,” मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. “काकू, छान कसलं? हे शेवाळाचं खत आहे. एवढं गडद मी दुकान काढल्यापासून बघितलं नाही. पाणी कुठलं घालता?”

“नळाचं. माणसं पितात ते.”

“माणसं पितात आणि बाहेर टाकतात. टाकीला बाथरूम कुठंय?”

मला इतका राग आला की बाटल्या तिथेच ठेवून निघून आले.

३० मार्च, रविवार

सकाळी चहाचं पाणी ठेवलं आणि किटलीच्या बुडाचा पांढरा थर बघून तशीच उभी राहिले. हा थर एका दिवसाचा नाही. पाणी रोज वाफ होऊन जातं, त्यातलं जे काही असतं ते बुडाशी राहतं. पहिलीतल्या मुलीला कळावं असं हे, आणि मला कळलं नाही. मी आयुष्यभर पुढे वाहून जाणारं पाणी तपासलं. नमुना घेतला, आकडा लिहिला, पाणी गेलं. टाकीतून पाणी तेवढं जातं. मी घातलेलं बाकी सगळं, जरा जरा करून, तिथेच साचतंय. माझे आकडे बरोबर होते, पण ते माणसाच्या पोटासाठी होते.

आमच्या पाण्यात खोट नाही, हे मी अजूनही म्हणेन. पण ते झुपक्यासाठी नाही.

मशीन सुरू करायला गेले तर ते गळायला लागलं. इतके दिवस कोरडं ठेवल्याने आतली कुठलीशी चकती गेली असणार. दुकानदाराला फोन केला. तो कालचं काही बोलला नाही. “चकती मागवतो, वेळ लागेल. तोवर शुद्ध पाण्याचे कॅन पाठवतो,” एवढंच म्हणाला. बरा आहे माणूस.

१५ एप्रिल, मंगळवार

कॅनचं पाणी चालू आहे. थोडं जुनं पाणी काढायचं, कॅनच्या पाण्यात मीठ कालवून नवं घालायचं. पाठ बोलते आहे. पण काच लख्ख, शेवाळ पिवळं पडून गळतंय, आणि झुपक्याने बोटं अशी पसरली आहेत की शेजारच्या प्रवाळाला जागा उरली नाही. चिरंजीवांना फोटो पाठवला. “वा! मस्त,” असं लिहून आलं. मी वाट बघत होते, पण फोन नाही.

२७ एप्रिल, रविवार

फोन आला.

“टाकी कशी आहे?”

“उत्तम.”

“छान. बाकी?”

“बाकी काय. सूनबाईला दे की जरा, किती दिवसांत बोलले नाही.”

“ती बाहेर गेलीय. आई, मला एक काम आलं, ठेवतो हं.”

मी काही वावगं बोलले का? सून सासूशी दोन शब्द बोलत नाही, ते विचारायचंही नाही? आणि टाकी नासली होती तेव्हा कामं नव्हती वाटतं याला.

९ मे, शुक्रवार

आता फोनही नाही. मी फोटो पाठवते, तो अंगठा पाठवतो. नुसता अंगठा. आज एका फोटोला अंगठाही आला नाही.

टाकी इतकी सुंदर दिसते की समोरची तिच्या पाहुण्यांना दाखवायला घेऊन आली. ती माणसं होती तोवर घर भरल्यासारखं झालं. गेल्यावर मी खुर्ची टाकीपुढे ओढली. दुपारची वेळ, वेणी घातलेली, सगळं सवयीने केलेलं. बराच वेळ बसले. मग उठून खुर्ची जागेवर ठेवली.

१४ मे, बुधवार

कॅन संपले. दुकानदाराला सांगायला हवं. आज ऊन फार आहे. दोन दिवस नळाचं घातलं तर काही आकाश कोसळत नाही.

१७ मे, शनिवार

दुकानदाराचा स्वतःहून फोन आला होता. कॅन पाठवू का, मशीनची चकतीही आलीय, लावून देतो. मी म्हटलं, “आहे अजून पाणी.” पाणी आहेच की. नळ सोडला की येतं.

२२ मे, गुरुवार

काचेवर साय धरली. फोटो पाठवला. लगेच फोन!

आज आम्ही पुष्कळ बोललो. तो दिव्याबद्दल बोलला, पंपाबद्दल बोलला, वाळूबद्दल बोलला. मग त्याच्या ऑफिसात एक म्हातारा आहे, तो रोज एकाच खिडकीशी डबा खातो, त्याच्याबद्दल बोलला. मी डॉक्टरांचं सांगितलं, लिफ्टमधल्या दिव्यांचं सांगितलं. पोट धरून हसला. सूनबाईचं मी मुद्दामच विचारलं नाही. फोन ठेवताना म्हणाला, “उद्या करतो गं.”

संध्याकाळी मी गरम जेवले. एरवी सकाळचंच उरकते.

१ जून, रविवार

रोज फोन. हिरवे धागे परत आले आहेत. एक मन म्हणतं, उद्या कॅन मागव. दुसरं म्हणतं, मागव की, पण शेवाळ आठवड्यात जाईल आणि त्याबरोबर दुपारचा फोनही. आजवर मी पाण्याचा एक आकडा कधी खोटा लिहिला नाही. इथे तर कुणी सही मागत नाही, तरी लिहिताना हात अडतो आहे. झुपका थोडा आखडलाय. पण आहे. अजून चार दिवस.

तो आजकाल पाणी कुठलं ते विचारतच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

१० जून, मंगळवार

सकाळी दिवा लागला तरी झुपका उघडला नाही. जवळ जाऊन बघितलं. शेवाळाचे धागे त्याच्या बुंध्याला गुंडाळलेले, आणि पुढच्या फांदीवरचं सगळं मांस गळून गेलेलं. खालचं पांढरं हाड उघडं पडलं होतं. मागची बोटं मुठीसारखी आवळलेली.

मी फोटो पाठवणार नव्हते. पण दुपारी त्याचा नेहमीचा फोन आला आणि म्हणाला, “झुपका दाखव.” काय सांगणार? कॅमेरा नेला.

त्याने फोन डोळ्यांजवळ नेला. मग त्याचा चेहरा असा वेडावाकडा झाला, लहानपणी पडला की रडू येण्याआधी व्हायचा तसा. एवढा मोठा माणूस, तोंडावर हात घेऊन रडला. “हेही गेलं,” म्हणाला. “आई, हेही गेलं.”

मी म्हणत राहिले, “अरे एकच फांदी आहे, बाकीच्या आहेत, मी वाचवते, तू रडू नकोस.” एका प्रवाळासाठी इतकं कुणी रडतं? त्याने फोन बंद केला. ‘हेही’ म्हणजे आणखी काय गेलं, ते विचारायचं राहूनच गेलं.

११ जून, बुधवार

मी केलं हे. चुकून नाही. पहिल्यांदा चुकलं होतं, तेव्हा मला माहीत नव्हतं. या वेळी माहीत होतं.

दुकान उघडायच्या आधी जाऊन पायरीवर बसले होते. दुकानदार आला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “आधी चहा घ्या, काकू. मग बघू.” मी चहा घेतला नाही. त्याने मशीनची चकती घेतली, कॅन घेतले, मीठ घेतलं आणि दुकान बंद करून माझ्याबरोबर आला.

त्याने झुपका दगडासकट बाहेर काढला. मेलेली फांदी बारीक करवतीने कापली. मला बघवेना पण बघितलं. मग आम्ही दोघांनी मिळून दगडावरचे धागे दातांच्या ब्रशने घासून काढले. मशीन दुरुस्त करून त्याने नळी जोडली आणि म्हणाला, “कॅन संपले असताना पाणी आहे म्हणालात ना मला?”

“हो.”

“का?”

मी ब्रश धुवायला घेतले. त्याने नाक पुसलं आणि पुन्हा विचारलं नाही.

१९ जून, गुरुवार

रोज थोडं पाणी बदलते. मशीनची ती दुसरी नळी मी आता मोठ्या पिंपात सोडली आहे. त्या पाण्यात कपडे धुते, जिना धुते. समोरची विचारते, स्वच्छतेचं हे वेड कुठून लागलं.

चिरंजीवांचा त्या दिवसापासून फोन नाही. मीही काही पाठवलं नाही. काय पाठवू?

५ जुलै, शनिवार

झुपक्याच्या मागच्या बोटांनी मुठी सोडल्या. दुपारपर्यंत दोन फांद्या पूर्ण फुलल्या, टोकं हिरवीगार. काच स्वच्छ, मासे मजेत, मोठी नराला हाकलते आहे. सगळं ठीकठाक आहे.

फोटो काढला. पाठवला नाही. पाठवला तर अंगठा येईल, आणि या वेळी अंगठा बघवणार नाही.

९ जुलै, बुधवार

आज मी फोन केला. ती दोघं गेल्यापासून स्वतःहून केलेला हा पहिलाच. दर वेळी वाटायचं, तो कामात असेल, सूनबाई म्हणेल सासूला काही उद्योग नाही, आणि फोन करून सांगणार काय? आज दुपारी वेणी घातली, खुर्ची ओढली, पण टाकीपुढे नाही, खिडकीशी, आणि नंबर लावला.

पहिल्याच घंटीला उचलला. “काय झालं? आई? झुपका?”

“झुपका बरा आहे. फुललाय. टाकी छान आहे.”

“मग? तुला बरं नाही का?”

“मला करमत नाही,” मी म्हटलं. “म्हणून फोन केला.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आता सुरुवात केलीच आहे, तर सगळं सांगून टाकू म्हणून सांगितलं, “आणि पाणी मी नळाचं घालत होते. पहिल्यांदा अडाणीपणाने. दुसऱ्यांदा मुद्दाम. टाकी बिघडली की तू फोन करतोस म्हणून. तुझी फांदी माझ्यामुळे गेली.”

“एवढ्यासाठी?” तो म्हणाला. ओरडला नाही. “आई, नुसता फोन करायचास की.”

“तू कामात असतोस.”

“मी कामात नसतो गं.” मग थांबून म्हणाला, “मलाही नाही करमत.”

मी नेहमीचं विचारलं, “जेवलास का?”

“नाही. काही नाहीये घरात. अंडी आहेत.”

“मग उकड. मी सांगते. पातेलं घे, पाणी घाल, अंडी बुडतील एवढं.”

भांडं आपटल्याचा आवाज आला, नळ सोडल्याचा आवाज आला. “किती घालू?” तो म्हणाला.

“दोघं आहात ना? चार घाल.”

“दोनच पुरे.”

“तिला नकोत?”

नळ चालू होता, तो त्याने बंद केला. ती उघडी भिंत माझ्या डोळ्यांपुढे आली. उभ्याउभ्या खाल्लेलं पाकीट, आंघोळ, बाहेर गेलीय, काम आलं. मी तिला मनातल्या मनात किती बोलले होते.

“कधी गेली रे?” मी विचारलं.

“आलो त्याच महिन्यात.” म्हणाला तो. “तुला सांगणार होतो. रोज सांगणार होतो. मग तू टाकी दाखवायचीस, आणि वाटायचं, आजच्या दिवस राहू दे.”

मी पदराने तोंड पुसलं. रागावले नाही, धीर दिला नाही, कुणाचं काय चुकलं तेही विचारलं नाही. “गॅस लाव,” एवढं म्हटलं. लावला त्याने. पातेलं ठेवलं. मग अंडी उकडायला लागतात तेवढा वेळ आम्ही काहीच बोललो नाही, आणि फोन कुणीच ठेवला नाही.